आवसेचा स्लॅब

अमावस्येच्या दिवशी बारामतीतल्या कुठल्याही स्लॅबवाल्याला फोन करून बघा. तो उचलेल, निवांत बोलेल, तुमच्या पोराबाळांची चौकशीसुद्धा करेल. एरवी हाच माणूस फोन कापतो आणि वर 'माल चालू हाय' एवढाच मेसेज टाकतो. अमावस्येला, म्हणजे आमच्या बोलीत आवसेला, आमच्या धंद्याला सुट्टी. मिक्सर ओळीनं उभे, त्यांच्या कपाळावर लिंबू-मिरच्या, मजूर आपापल्या घरी. फक्त माझा फोन त्या दिवशी लागत नाही. मी स्लॅबवर असतो.

म्हणून मला आवशा मिस्त्री म्हणतात. तोंडावर मिस्त्री आणि पाठ फिरली की आवशा. बाळासाहेब हे माझं खरं नाव आधार कार्डाला आणि माझ्या बायकोला, मंगलला, तेवढं माहीत आहे. तीसुद्धा रागावली की आवशाच म्हणते. या अंकाच्या संपादकांच्या घराचा स्लॅब मीच टाकला. तो कुठल्या दिवशी टाकला ते छापायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे. म्हणजे तुम्हाला कळलंच.

स्लॅब म्हणजे काय हे बहुतेकदा ज्यांच्या डोक्यावर तो असतो त्यांनाही माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. छत टाकायचं म्हणजे आधी एक खोटं छत उभं करायचं. लोखंडी प्लेटा अंथरायच्या, त्यांना खालून टेकू द्यायचे, वर सळयांची जाळी बांधायची. मग एका दमात, मध्ये न थांबता, माल ओतायचा. माल म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. ओतला त्या घटकेला तो नुसता चिखल असतो, पण टनावारी चिखल. तो स्वतःचा भार स्वतः पेलायला शिकेपर्यंत टेकूंनी त्याला उचलून धरायचं. तीन आठवडे त्याला पाणी पाजायचं आणि मग टेकू काढायचे. एवढाच धंदा.

लोकांना वाटतं स्लॅब वर असतो, कारण गडबड सगळी वर चालते. मिक्सरचा खडखडाट, माल हलवून दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची घरघर, नारळ, फोटो, मालकाच्या मेव्हण्याच्या सूचना. पण स्लॅब खरा खाली असतो. टेकूच्या बुडाशी फळी, फळीखाली जमीन. जमीन दबली की टेकू खचतो, आणि टेकू खचला की चिखलाला खाली यायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या वस्तादानं पहिल्या दिवशी एकच धडा दिला होता. "वर बघायला मालक असतोय. तू खाली बघ." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

ही आवस माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी काही मोठा विचार करणारा माणूस नव्हतो. मी फक्त नवा होतो. मिक्सर भाड्याचा, आणि मिक्सरवाला चांगल्या चांगल्या तारखा जुन्या ठेकेदारांना द्यायचा. लोणी भापकरला एका शाळामास्तरीणबाईंचं काम घेतलं होतं. कदमबाई. एकट्या राहायच्या, आवाज वर्गात बोलावा तसा. त्यांचे कॉलम उभे राहून दोन महिने झाले तरी माझ्याकडे स्लॅबला तारीख नव्हती. शेवटी त्यांनी मला पोरासारखं समोर उभं केलं आणि विचारलं. मी म्हणालो, बाई, मिक्सर मोकळा एकाच दिवशी आहे, आवसेला. मी हे गंमत म्हणून म्हणालो होतो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी चंद्र दिसत नाही, एवढंच मला माहीत आहे. स्लॅबला चंद्र लागतो का हो मिस्त्री?"

मी खरंच विचार केला आणि सांगितलं, "न्हाय बाई. खडी लागती."

"मग खडी आणा."

आता हे ऐकायला सोपं आहे. पण चौदा मजुरांतले तीनच आले. त्यातला एक निवृत्ती. तो आला कारण आदल्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं आणि घरी थांबण्यापेक्षा त्याला आवस बरी वाटली. पुढं वीस वर्षं तो माझा उजवा हात झाला. घमेली उचलायला मंगल आली, सोबत माहेरच्या तिघींना घेऊन. त्यांना तिनं आज आवस आहे हे सांगितलंच नव्हतं, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं.

आणि आले आमचे आबा, म्हणजे माझे वडील. आयुष्य शेतीत गेलं, आणि शेतीइतकंच पंचांगात. शनिवारी खिळासुद्धा विकत घेणार नाहीत. मी आवसेला स्लॅब टाकतोय हे कळल्यावर ते एसटीनं लोणी भापकरला आले. मला अडवायला नाही. रस्त्याच्या पलीकडं बाभळीखाली आमच्या कामाकडं पाठ करून बसायला. दिवसभर तसेच बसले. मी चहा घेऊन गेलो आणि म्हणालो, आबा, पोळा आवसेला असतो, लक्ष्मीपूजन आवसेला असतं. बैल चालतो, लक्ष्मी चालते, मग माझा स्लॅबच काय वाईट?

आबांनी चहा घेतला, पण मान वळवली नाही. "बैलाला आवस कळत न्हाय, म्हणून त्येला चालती. लक्ष्मीला कळती, पण तिला कोण इचारणार? तुला कळती आणि तुला इचारणाराबी हाय."

चार वाजता शेवटचं घमेलं पडलं. आबा उठले, धोतर झटकलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा वळून स्लॅबकडं बघितलं. "पडला न्हाय व्हय," असं म्हणाले. आवाजात किंचित निराशा होती, असं मंगलचं मत आहे.

कदमबाईंचा स्लॅब आजही उभा आहे. गळतसुद्धा नाही. त्यांनी ही गोष्ट आपल्या सगळ्या बदल्यांच्या गावी सांगितली आणि माझं नाव झालं.

लोक माझ्याकडं येऊ लागले, पण सगळेच कदमबाईंसारखे नव्हते. बहुतेकांना कारखान्याचा बोनस, पोराचं लग्न, पावसाळा यांतलं काहीतरी गाठायचं असायचं आणि दुसरी तारीख नसायची. ते आवसेला तयार व्हायचे, पण आवसेला कळू द्यायचं नाही अशा बेतानं. यातले सगळ्यात हुशार म्हणजे एक-घमेलंवाले. हे लोक आदल्या चांगल्या दिवशी, मुहूर्तावर, एकच घमेलं माल कालवून स्लॅबच्या कोपऱ्यात ओततात. नारळ फोडतात, पेढे वाटतात. म्हणजे स्लॅब काल सुरू झाला, आज आवसेला नुसता चालू आहे. देवाच्या दप्तरी तारीख कालची. मी किती सांगायचो, की बाबांनो, ते शिळं घमेलं रात्रभरात दगड होतं, नव्या मालाला धरत नाही, त्याच सांध्यातून पाणी झिरपेल. एका मालकानं तर मलाच समजावलं होतं, "मिस्त्री, गळलं तर पत्रा टाकू. पण मुहूर्त चुकला तर त्यावर काय टाकायचं?" मी सकाळी लवकर जाऊन छिन्नीनं ते घमेलं फोडून काढायचो आणि कुणाला बोलायचो नाही. अशी माझी अर्धी क्रांती छिन्नी-हातोड्यानं आणि चोरून झालेली आहे.

मी दुसऱ्यांची मजा सांगतोय, पण आता माझी ऐका.

वर्षामागून वर्षं गेली आणि माझा एकही आवसेचा स्लॅब पडला नाही. बाकीच्यांचे चांगल्या दिवसांचे स्लॅब कुठं कुठं पोट काढून बसले, एकाचा तर छज्जाच आला खाली. माझे उभे. मी हॉटेलात चहा पिताना हे मोठ्यानं सांगू लागलो. पुढं पुढं न विचारता सांगू लागलो. मंगल म्हणायची, तुम्ही आता आवसेच्या आदल्या दिवशी दाढी करता, नवा शर्ट काढता, हे काय चाललंय? मी म्हणायचो, काही नाही. पण खरं सांगतो, चांगल्या तिथीचं काम असलं की मला थोडी धाकधूक वाटायची आणि आवसेचं असलं की छाती मोकळी. याला काय म्हणतात ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

सहा-सात वर्षांमागं इंदापूरजवळ पोपटरावांचं काम आलं. पोपटराव ढोबळी मिरची आणि टोमॅटो करणारे, हसतमुख, कुणाला नाही न म्हणणारे. घरात शब्द चालायचा तो त्यांच्या मंडळींचा, हिराबाईंचा. नकाशा एका इंजिनिअरनं काढला होता, पण स्वयंपाकघर हिराबाईंनी पायानं मोजून दोनदा मोठं करून घेतलं होतं. पूर्वेच्या अंगाला, शेजाऱ्याच्या उसाला लागून.

स्लॅबची तारीख आवसेचीच ठरली. आणि मी कुठंतरी बोलून गेलो की हा माझा आवसेचा शंभरावा. मोजलं कुणी होतं? मी तरी नव्हतं. पण तिथल्या एका मित्रमंडळाच्या कानावर गेलं. त्या दिवशी सकाळी मंडळी कामावरच आली, फलक घेऊन. 'अमावस्येला शंभरावा स्लॅब'. अंधश्रद्धेविरुद्ध काम केल्याबद्दल त्यांनी मला शाल दिली आणि श्रीफळ दिलं. वर फेटा बांधला. कुणाला यात काही विचित्र वाटलं नाही, मलाही नाही.

प्रत्येक स्लॅबला माझी एक रीत होती. पहिलं घमेलं पडायच्या आधी पहार घेऊन खाली जायचं, एकेका टेकूच्या बुडाशी ठोकून बघायचं, जमिनीवर टाच दाबायची. त्या दिवशी मी फेट्यात होतो. दोन पोरं मोबाईलवर माझी मुलाखत घेत होती आणि मी गोष्टीत कदमबाईंच्या चष्म्यापर्यंत आलो होतो. निवृत्ती जवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, खाली एकदा बघून या की."

मी फेटा सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आवसेचा स्लॅब हाय निवृत्ती. पडत न्हाय."

पोरं हसली. ते मोबाईलवर आलं. आजही कुणाकडं तरी असेल.

अकराच्या सुमाराला माल स्वयंपाकघरावर आला. निवृत्ती वर व्हायब्रेटर धरून होता. मी खाली, बाहेरच्या ओट्यावर शाल काढून ठेवत होतो. आधी आवाज आला, खाट मोडल्यासारखा, एकच. मग पूर्वेचा कोपरा वाकला, आणि प्लेटा, सळया, ओला माल आणि निवृत्ती, सगळं मिळून खाली आलं. मी फेट्यासकट धावलो. फेटा सुटून मागं लोळत होता, त्यात पाय अडकून मी पडलो आणि पुन्हा उठलो. निवृत्ती गळ्यापर्यंत मालात, पण डोळे उघडे. आम्ही हातांनी उकरून त्याला काढला. उजवी मांडी मोडली होती. त्याला गाडीत घालताना तो सारखा माझ्याकडं बघत होता.

जेवणाच्या वेळेपर्यंत फलकाचा फोटो आणि पडलेल्या कोपऱ्याचा फोटो, दोन्ही शेजारी शेजारी, इंदापूर आणि बारामती दोन्हीकडं फिरले.

दुसऱ्या दिवशी मी पोपटरावांकडं गेलो. आबा म्हणाले, मीही येतो. मला वाटलं, वीस वर्षं थांबलेत, आज त्यांचा दिवस आहे, येऊ देत. कामावर पंधरा-वीस माणसं जमली होती. पोपटराव पुढं आले. त्यांनी शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्त्री, तुमचा काय दोष न्हाय. दिस वंगाळ व्हता. आमीच हट्ट केला आवसेचा. आता एक शांती करून घेऊ, आणि निम्मं तुमी, निम्मं मी, करू उभा परत."

मागून एकानं दुजोरा दिला, की शंभर वेळा चुकवली, आवस एकदा धरतेच. सगळे माना डोलवत होते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर मला वाचवायची इच्छा दिसत होती. मला फक्त मान खाली घालायची होती. एवढं केलं की मी वाईट मिस्त्री ठरत नव्हतो, फक्त एक चांगला मिस्त्री ठरत होतो जो आवसेच्या वाटेला गेला. काम टिकलं असतं. चांगल्या तिथीचे स्लॅब पहिल्यासारखे मिळाले असते. निवृत्तीच्या मांडीचं पापही चंद्राच्या अंगावर गेलं असतं, आणि चंद्र काही इंदापूरला येऊन खुलासा करणार नव्हता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात माझं लक्ष आबांकडं गेलं. ते या गर्दीत नव्हतेच. पडलेल्या कोपऱ्याच्या खाली, मोडक्या टेकूंमध्ये, चप्पल काढून उभे होते. उजवी टाच जमिनीत दाबत होते. मग शेजारच्या उसाकडं बघितलं. मग मला हाक मारली.

"बाळ्या, हिकडं ये. टाच दाब."

मी दाबली. टाच बोटभर आत गेली. घराच्या पायाचं खोदकाम करताना निघालेली काळी माती, तीच भरावाला टाकलेली. वर मुरमाचा पातळ थर, दिसायला कडक. आणि शेजारच्या उसाला दोन दिवसांमागं पाटाचं पाणी सोडलेलं. ते सगळं आतून झिरपून या कोपऱ्यात आलं होतं.

"आवसेचं मला ठावं हाय," आबा हळू आवाजात म्हणाले, "पण हितं पाय रुततोय. तुला दिसलं न्हाय?"

आयुष्यभर ज्यांना मी अडाणी समजूत बाळगणारा माणूस म्हणत आलो, त्यांनी आल्या आल्या जमीन बघितली होती. आणि मी, शाल-श्रीफळवाला, बघितली नव्हती.

मी माणसांत परत आलो. पुढं जे बोललो त्यातला शब्द अन् शब्द मी आजही बदलणार नाही.

"पोपटराव, दिसाला बोल लावू नका. काल सकाळी निवृत्ती मला म्हणाला, खाली बघून या. मी गेलो न्हाय. मी म्हणालो, आवसेचा स्लॅब पडत न्हाय. तुमी म्हणताय आवसेमुळं पडला. मी म्हणत होतो आवसेमुळं पडणार न्हाय. आपुन दोघं एकाच शाळंतले. खालची माती वली होती, ती बघायचं काम माझं होतं. चूक माझी हाय. चंद्राची न्हाय. शांतीबिंती काही करायची न्हाय, आणि निम्मं-अर्धंबी न्हाय. स्लॅब मी माझ्या खर्चानं टाकून देणार."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उलट लोक नाराज झाले. गर्दीतला एक म्हातारा जाता जाता मला म्हणाला, "लोक कारण देत्यात तर घ्यावं की मर्दा. कशाला अंगावर वढून घेतोस?" त्याला वाईट वाटत होतं, हे खरं.

राहिला प्रश्न दिवसाचा. पोपटरावांनी पंचांग बघून तारीख आणली. घर त्यांचं, दिवस त्यांचा, मला नाही म्हणायचा अधिकार नव्हता. तरी मी म्हणालो, टाकतो त्या दिवशी, पण एक सांगतो. चांगल्या दिवशी उभा राहिला तर सगळे म्हणणार दिवसानं धरला. मग पुढचा मिस्त्री दिवस बघेल आणि माती बघणार नाही. माझ्यासारखाच.

तेव्हा हिराबाई दारातून बोलल्या.

"मिस्त्रीभाऊ, सैपाकघर माझं हाय. मला तितं रोज बसायचंय, पुनवेला आणि आवसेलाबी. नुसतं चांगल्या दिसाला धरणारं छत घेऊन मी काय करू? पुढल्या आवसेलाच टाका."

पोपटरावांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्या थांबल्या नाहीत. "पण आधी मी खाली जाणार. एकेक टेकू मला दाखवायचा. तुमच्या शब्दावर मी आता बसणार न्हाय."

मला हे लागलं. लागायलाच हवं होतं.

पुढच्या आवसेच्या आधी आम्ही भराव उकरून मुरूम घातला, पाणी मारून धुमसानं कुटला, जाड फळ्या टाकल्या. आवसेच्या सकाळी हिराबाई पदर खोचून, पहार घेऊन खाली शिरल्या. मी मागं मागं. त्या प्रत्येक टेकूला ठोकत होत्या आणि कान लावत होत्या, कलिंगड विकत घ्यावं तसं. खिडकीजवळच्या टेकूशी त्या थांबल्या. "ह्यो पोकळ वाजतोय." मी म्हणालो, ठीक आहे तो. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी खाली बसून बघितलं, तर फळीच्या एका कडेखाली खडा होता आणि टेकू तिरका बसला होता. काढला, नीट बसवला. बाहेर रस्त्यावर गाव जमलं होतं, काही हौसेनं, काही पडायची वाट बघत. संध्याकाळच्या आत स्लॅब झाला. उभा आहे. हिराबाई त्याच्याखाली भाकरी करतात.

यातून माझं भलं झालं असं समजू नका. दीड-दोन वर्षं मला काम जवळजवळ नव्हतं. लोक चंद्राला माफ करतात, मिस्त्रीला नाही. 'स्वतःच्या तोंडानं कबूल केलं' हे माझ्याबद्दल सांगितलं जायचं ते कौतुकानं नाही, पुराव्यासारखं. मंगलनं त्या दिवसांत शिवणकाम करून घर चालवलं आणि एकदाही मला म्हणाली नाही की मान खाली घातली असती तर काय बिघडलं असतं. एकदाच म्हणाली, "फेटा तेवढा बांधून घ्यायला नको होता."

निवृत्ती अजून लंगडतो. हे एक असं आहे की ते मी कितीही खरं बोललो तरी सरळ होत नाही. बरा झाल्यावर मी त्याला विचारायला गेलो, येशील का परत? त्यानं मोडलेल्या मांडीवरून हात फिरवला. "मला दिसाचं भ्या न्हाय मिस्त्री. तुमच्या 'पडत न्हाय'चं भ्या वाटतंय." मी तिथं त्याला शब्द दिला की ते वाक्य पुन्हा बोलणार नाही. आता तो वर चढत नाही. खाली स्टूल टाकून बसतो, आणि तो मान हलवेपर्यंत मिक्सर चालू होत नाही, मालक कुणी का असेना. आमच्या कामावर नारळ ज्याला फोडायचा त्यानं फोडावा. पण त्याआधी घरच्या बाईनं पहार घेऊन खाली जायचं, ही आमची अट आहे. बायका आधी लाजतात, मग एकेक टेकू असा ठोकतात की विचारू नका. चार-पाच घरांत सासू-सुना दोघी गेल्या आणि पोकळ कुठला यावर खाली भांडल्या.

आणि आवसेला मी अजूनही स्लॅब टाकतो. मला विचारतात, एवढं होऊन? एवढं होऊनच. त्या दिवशी जर मी आवस सोडली असती तर माझी चूक तिच्या नावावर कायमची लागली असती. मला ती माझ्या नावावर पाहिजे. माझ्या नावावर असली तरच मी ती पुन्हा करणार नाही. मी जे मानलं त्यानं मला काम दिलं, नाव दिलं, डोक्यावर चढवलं आणि तोंडावर पाडलं. तरी ते मी मानतो. फक्त आता खाली बघून मानतो.

शेवटचं सांगतो. गावोगावी स्लॅब टाकणारा हा माणूस परवापर्यंत पत्र्याखाली राहत होता. यंदा बारामतीच्या कडेला स्वतःच्या दोन खोल्या उभ्या केल्या. दिवस कुठला ते सांगायला नको. निवृत्ती स्टूल घेऊन आला, मंगलनं पहार फिरवली, मिक्सर तयार झाला. तेवढ्यात रिक्षातून आबा उतरले. वय ऐंशीच्या पुढं, काठी टेकत. एका हातात नारळ. मला वाटलं, रस्त्यापलीकडं जागा शोधतील, पाठ करून बसायला.

त्यांनी नारळ मंगलकडं दिला, काठी माझ्याकडं दिली, आणि तिच्या हातातली पहार घेऊन खाली शिरले. एकेक टेकू ठोकला. मग पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. मला राहवलं नाही. मी वाकून विचारलं, आबा, तुम्ही तर आवस मानता, मग आज आलात कसे?

"मानतो की," आबा पुढच्या टेकूकडं सरकत म्हणाले. "आवस वंगाळच असती. म्हणून तर दोनदा बघतोय."

मी वाद घातला नाही. त्यांचं झाल्यावर काठी परत दिली, पहार घेतली, आणि तिसऱ्यांदा बघायला खाली गेलो.